रेडिएटरवाले काका आणि सव्वीस कॅमेरे

काकांच्या शर्टाच्या खिशात कायम उदबत्तीचा पुडा असायचा, आणि त्यातली एकही उदबत्ती ते देवापुढं लावायचे नाहीत. कुणाच्या घरी गेले, बँकेत गेले, दवाखान्यात गेले की पहिलं काम काय, तर उदबत्ती पेटवायची आणि हात लांब करून धूर कुठं जातो ते बघत उभं राहायचं. एकदा मला ताप भरला म्हणून ते मला डॉक्टरकडं घेऊन गेले. नंबर यायचा होता. काकांनी काडी ओढली, उदबत्ती लावली आणि सगळ्या पेशंटांमधून फिरायला लागले. कंपाउंडर धावत आला. काका त्याला म्हणाले, "ह्या समद्यांचा खोकला आत डॉक्टरकडं चाललाय. ही खिडकी झाका आन् ती उघडा." आम्हाला बाहेर काढलं. मी एकशे दोन तापात रस्त्यावर उभा. आठवड्यानं तो डॉक्टर खोकताना दिसला हे खरं, पण म्हणून मला काकांचं कौतुक वाटलं असं कुणी समजू नये. मला त्यांचा संतापच यायचा. रोज यायचा.

नळदुर्गात हायवेला लागून त्यांचं घर. पुढचा गाळा त्यांनी मला भाड्यानं दिला होता. मी कॅमेरे बसवतो, कंप्युटर दुरुस्त करतो. त्याआधी त्याच गाळ्यात चाळीस वर्षं त्यांनी ट्रकचे रेडिएटर दुरुस्त केले. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे ड्रायव्हर त्यांना अजून विचारत येतात. मी सांगतो, काका आता इथं नसतात. गेल्या वर्षीपासून ते सीमेपलीकडं कर्नाटकात, काकूंच्या माहेरगावी राहतात. फोन लावला तर वाजत राहतो.

हवा हाच त्यांचा विषय. जेवायला बसले तरी हवा. छताच्या पंख्याखाली बसायचे नाहीत, म्हणायचे, "वरची गरम हवा खाली आणतोय ह्यो, आन् तुमी वर लाइट बिल भरताय." भाकरी दारात उभं राहून खायचे. इंजिनासमोर हात धरायचा झाला तर तळहात नाही, हाताची मागची बाजू धरायचे, तीसुद्धा थुंकी लावून. "तळहात रेडिएटरला डाग देऊन देऊन मेलाय. ही बाजू खरं बोलती." आणि त्यांचं एक वाक्य तर मी हजारदा ऐकलं असेल. "हवा लई आळशी. सोपी वाट दिसली की अवघड वाटनं जायचीच न्हाय." हे ते रेडिएटरबद्दल बोलायचे, आमदाराबद्दल बोलायचे, माझ्याबद्दल तर नेहमीच बोलायचे.

आता काकूंचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यासाठीच झालं.

काकूंना विसरायचं झालं होतं. आधी भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं, मग दूध उतू जायला लागलं, मग माणसं विसरली. त्या कानडी मुलखातल्या. शेवटी शेवटी चाळीस वर्षांची मराठी पार पुसली गेली आणि लहानपणची कानडी तेवढी उरली. काका मराठीत विचारायचे, त्या कानडीत उत्तर द्यायच्या. भांडणही तसंच चालायचं. शेजारच्यांना गंमत वाटायची, मला नाही वाटायची.

दोघं दरवर्षी अश्विनी पौर्णिमेला तुळजापूरला जायचे. त्या दिवशी तिथं काय गर्दी असते ते इकडच्या माणसाला सांगायला नको. सोलापूरकडून, कर्नाटकातून माणसं चालत येतात, रस्ता दिसत नाही. दर्शन झालं. परत निघताना काकांना समोर एक ट्रक दिसला, बॉनेटमधून वाफ निघालेली, आणि ड्रायव्हर पोरगेला, उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडायला निघालेला. तोंड भाजलं असतं त्याचं. काकांनी काकूंना एका लॉजच्या पायरीवर बसवलं, म्हणाले, "हितंच बस, आलोच." आणि पळाले. झाकणापासून त्याला ओढला, गार होऊ दिलं, शेजारच्या दुकानातून हळदीची पुडी आणून रेडिएटरात टाकून गळती बंद केली. त्यांच्या धंद्यातली ती जुनी युक्ती. अर्धा तास गेला असेल. आले तर पायरीवर दुसरीच बाई बसलेली.

त्या लॉजला कॅमेरा नव्हता.

पण बाकीच्यांना होते. त्या रस्त्यावरचे निम्मे मीच बसवलेले. असल्या कॅमेऱ्यांत पंधरा दिवसांचं चित्रण राहतं, मग त्यावरच नवं चढत जातं. काका मला घेऊन दारोदार फिरले. लॉजवाले, पेढेवाले, पेट्रोलपंपवाला, कुणी नाही म्हटलं नाही. सव्वीस कॅमेऱ्यांचं सगळं आम्ही चार डिस्कांवर उतरवून घेतलं. बाई त्या गर्दीत दोन-तीन दिवस फिरलेली असू शकते, म्हणून सगळंच घेतलं. प्रश्न एकच होता. काकू कोणत्या रस्त्यानं गेल्या? सोलापूरकडं, नळदुर्गाकडं की लातूरकडं? कुणाबरोबर गेल्या? कानडी बोलणारी बाई, कानडी माणसांच्या घोळक्यात मिसळली तर तिला कोण हरवलेली म्हणणार?

पौर्णिमेच्या संध्याकाळचे चार तास काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. प्रत्येक कॅमेरा, दहा-दहा वेळा. वर्षभर माझ्या दुकानात स्टुलावर बसून ते तेच करत होते. डोळ्यांतून पाणी गळायचं. गिऱ्हाईक यायचं, बघायचं आणि जायचं. शेवटी मीच कंटाळून, खरंच कंटाळून, म्हणालो, काका, हल्ली कंप्युटर चेहरा शोधतो. फोटो द्यायचा आणि सोडून द्यायचं.

माझी चूक तिथून सुरू होते. त्यांच्याकडं काकूंचे फोटो दोन. एक आधार कार्डावरचा, एक भाच्याच्या लग्नातला, तोही ओळीत बसलेला. आणि शोधायचं कुठं, तर कपाळभर कुंकू लावलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या हजारो बायकांमध्ये. मला मनातून माहीत होतं, सापडणं कठीण आहे. पण काकांच्या तोंडाकडं बघून मला ते बोलवेना.

चेहरे शोधायचं जड काम ज्यावर चालतं ते ग्राफिक्स कार्ड मी जुनं आणलं, मशीन जोडलं. मार्च उजाडला आणि दोन-दोन तासांनी मशीन आपोआप बंद पडायला लागलं. नळदुर्गाचा उन्हाळा, वर पत्रा. कार्डावर हात ठेवला तर चटका बसायचा. मी म्हणालो, पावसाळ्यापर्यंत थांबू. काका म्हणाले, "थांबू? आन् ती?" मग कार्डाकडं बघून म्हणाले, "ट्रक पाण्यावर गार व्हतोय. ह्याला काय धाड भरली?"

पाण्यावर चालणारं सामान मिळतं. मी मागवलं. छोटा पंप, नळ्या, आणि हातभर लांबीचा रेडिएटर. काकांनी तो उलटसुलट केला. "ह्यो रेडिएटर हाय का किसणी?" मग चष्मा लावून जाळीतली पातळ पत्र्याची एकेक पापडी बघितली, वाकलेल्या होत्या त्या सुईनं सरळ केल्या. दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी मी दोन पंखे जोडले, मशीन सुरू केलं आणि ते पुन्हा तापलं. पाणी फिरत होतं, पंखे गरागरा फिरत होते, तरी तापलं. मी म्हणालो, पंपच बेकार निघाला.

काकांनी उदबत्ती लावली. पहिल्या पंख्यासमोर धरली, धूर आत. दुसऱ्यासमोर धरली, धूर आत. रेडिएटरच्या मधोमध धरली, तर धूर तिथंच, जागेवर घुटमळतोय. मी दोन्ही पंखे एकमेकांकडं तोंड करून लावले होते. काका हसले नाहीत, उदबत्ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पंखा फिरतोय म्हंजी हवा जातीया, असं न्हाय, इंजिनेर." मी इंजिनियर नाही. बारावी आणि सहा महिन्यांचा कोर्स. ते मुद्दाम म्हणायचे.

मग त्यांनी मला धंद्यातलं पोरगं करून टाकलं. पंखा जाळीला चिकटवून लावायचा नाही. "पंख्याच्या मधी मोटर असती, तिच्यामागं हवाच न्हाय. दोन बोटं लांब धर, म्हंजी हवा पसरती." त्या दोन बोटांच्या फटीतून हवा बाजूला पळू नये म्हणून तुपाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी घेर केला, ट्रकला असतो तसा. कोपऱ्यात सायकलच्या ट्यूबचं रबर. नळ्यांच्या जोडांवरचे क्लिपही त्यांनीच आवळले. रेडिएटर मशीनच्या बाहेर काढून पत्र्याच्या खोक्यात बसवला, कारण आत राहिला तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा पितो. गरम हवेसाठी भिंतीला भोक पाडलं. माझं भाड्याचं दुकान आणि मालकच भिंत फोडतोय, कुणाला सांगू? आणि शेवटी खोक्याच्या तोंडाला मी धुळीसाठी लावलेली बारीक जाळी त्यांनी उपटून फेकली. "नाकावर रुमाल बांधून पळतंय का कुणी?" मी म्हणालो, धूळ जाईल. ते म्हणाले, "जाऊंदे. म्या रोज झाडीन."

आणि रोज झाडायचे. सकाळी सातला दात घासायचा जुना ब्रश घेऊन हजर. शेजारीण विचारायची, "कंप्युटरला पाणी पाजताय व्हय? आमाला पाचव्या दिशी टँकर." काका म्हणायचे, "लिटरभर पितोय बिचारा, तेबी वरसातनं येकदा."

मशीन गार राहायला लागलं. आधी नव्वद डिग्रीच्या वर जायचं, आता साठ-पासष्टला थांबायचं, तेही मे महिन्यात. आठवड्याला एक कॅमेरा तपासून व्हायचा. तापलं की आपोआप बंद पडायची जी सोय असते, ती मी मार्चमध्येच काढून टाकली होती, सारखं बंद पडतं म्हणून. ती परत चालू करायची राहून गेली. डिस्कांची दुसरी प्रत काढायचीही राहून गेली. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगतो, दुसरी प्रत ठेवा, रडायची वेळ येईल. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

कंप्युटर रोज काही चेहरे काढून ठेवायचा, काकूंसारखे. सकाळी झाडणं झालं की काका स्टुलावर बसायचे आणि मी एकेक दाखवायचो. "न्हाय." "न्हाय." "हिचं नाक बग की, कुठल्या बाजूनं दिसतंय रं तिच्यावानी?" कधी एखाद्या चेहऱ्यावर थांबायचे. "ही न्हाय. पर हिलाबी कुनीतरी हुडकत आसंल काय?" मी पुढचा चेहरा दाखवायचो. दसऱ्यापर्यंत सतरा कॅमेरे झाले. नऊ राहिले.

धंदा चालू असताना काका खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन, कुंकू लावून, माळ घालून ठेवायचे आणि दसरा होईपर्यंत पान्याला हात लावायचे नाहीत. आपल्याकडं सगळेच करतात. ट्रकवाला ट्रक थांबवतो, शिंपी मशीन थांबवतो. पोटाला देणाऱ्या हत्याराला त्या दिवशी विसावा. त्या वर्षी मी विचारलं, काका, बंद करायचं का? ते म्हणाले, "बंद न्हाय. नऊ ऱ्हायलेत." म्हटलं, निदान पूजा? म्हणाले, "लांबनं हात जोड." आणि ते काकूंच्या माहेराकडच्या गावांतून फोटो दाखवत फिरायला गेले. दोन-तीन महिन्यांतून एकदा जायचेच.

मला ते रुचलं नाही. मी देवभोळा नाही, पण माझ्या दुकानातलं प्रत्येक हत्यार पुजलेलं आणि जे मशीन रात्रंदिवस राबतंय तेच तेवढं बोडकं? मला वाटलं, आपण चांगलं काम करतोय. खोक्याला हळदकुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली. हातभर लांब, टपोऱ्या फुलांची. तोंडावर येऊ नये म्हणून वरच्या कडेला, नीट खिळ्याला अडकवली. नमस्कार केला. दुकानाला कुलूप लावून दसऱ्याला गावी गेलो.

एकादशीला दुपारी येऊन शटर वर केलं. झेंडू वाळला की पाकळ्या सोडतो, हे शेंबड्या पोराला कळतं. माळेत नुसता दोरा आणि देठं राहिली होती. सगळ्या पाकळ्या पंख्यांनी आत ओढून रेडिएटरच्या पापड्यांत घट्ट बसवल्या होत्या, गादी भरावी तशा. हवा बंद. पाणी तापत गेलं, नळी मऊ पडून जोडावरून निसटली आणि सगळं पाणी खाली पडलं. खाली चार डिस्का होत्या. चालू.

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. मी आधी पाकळ्या काढल्या. चिमट्यानं, सुईनं, त्यांच्याच ब्रशनं. देठं, दोरा, कुंकू, सगळं पुसलं. मग त्यांना फोन केला.

काका संध्याकाळी आले. मी म्हणालो, नळी निसटली. बस, एवढंच म्हणालो. त्यांनी जोड हातात घेतला आणि क्लिपवर अंगठा फिरवला. "क्लिप म्या आवळलाय." मी सांडलेलं पाणी पुसत राहिलो. "म्या आवळलाय, माझ्या हातानं."

दुसऱ्या दिवशी डिस्का घेऊन सोलापूरला गेलो. तिथल्या माणसानं एक डिस्क उघडून दाखवली, पाणी आत गेल्यानं फिरत्या तबकडीवर खरवडल्याचे गोल उमटले होते. बाकीच्या तीनही तशाच. तो चांगला माणूस होता, म्हणाला, पुण्याला पाठवा हवं तर, पण आशा ठेवू नका. एसटीत काका खिडकीशी बसले होते. नळदुर्ग आलं तेव्हा म्हणाले, "चाळीस वरसं क्लिप आवळले. समदा हायवे माझ्या क्लिपावर गेला. येक सुटला न्हाय. आन् तिचाच सुटला."

पुढच्या दोन दिवसांत त्यांनी घरातले नळाचे, गॅसचे, सगळे क्लिप काढून पुन्हा आवळले. एक ड्रायव्हर रेडिएटर घेऊन आला तर त्याला म्हणाले, "दुसरीकडं जा बाबा, माझ्या हातात आता काय ऱ्हायलं न्हाय." मी आत बसून ऐकत होतो. बायको तर गेलीच होती, आणि उरलेला एवढा एक अभिमान मी माझी कातडी वाचवायला काढून घेतला होता. बोलायला तोंड उघडायचो आणि चहा घेता का म्हणून विचारायचो.

पौर्णिमेला ते न सांगता तुळजापूरला गेले. दुपारी घर उघडं दिसलं, आत कुणी नाही. मोटारसायकल काढली. कर्नाटकाच्या गाड्या लागतात त्या बाजूला, रस्त्याच्या कडेला ते उभे होते. हातात फोटो नव्हता, उदबत्ती नव्हती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगितलं. माळ मी घातली. तुम्ही नको म्हणाला होता तरी घातली. पाकळ्या मी काढून टाकल्या. क्लिप नीटच होता, काका. तुमचा क्लिप नीट होता.

त्यांनी ऐकलं. शिवी देतील, मारतील, मला चाललं असतं. मला तेच पाहिजे होतं.

"क्लिप आसू दे, न्हायतर माळ," ते म्हणाले. "तू चांगल्यासाठीच घातली आसशील."

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्याकडं दोन फोटू हायत. दोनीत ती बसलीया. तुज्या त्या डब्यात कुठंतरी ती चालत हुती बग. घावली नसती, म्हाईत हाय मला. मशीनला न्हाय घावत, तुज्या तोंडावरच कळायचं मला. पर सकाळी झाडायला यायचो तवा वाटायचं, आत हाय ती, चालतीया. आता कुठंच चालत न्हाय."

माणसं दोन्ही बाजूंनी चालली होती, पोतराज, पोरं खांद्यावर घेतलेले बाप, कानडीत गाणाऱ्या बायका. अंधार पडेपर्यंत काका तिथंच उभे राहिले. चेहरे बघायचं त्यांनी सोडून दिलं होतं. ते मान खाली घालून समोरून जाणाऱ्या प्रत्येक बाईची नुसती पावलं बघत होते.